एका बाजूचं पेट्रोल

३ फेब्रुवारी

मा. साहेब,

नमस्कार. आपली ओळख नाही. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. गेल्या महिन्याच्या बावीस तारखेला एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत, काम करता करता तो गेला. कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलंय. वय छत्तीस.

त्याची भाड्याची खोली रिकामी करायला मी गेलो होतो. एक खाट, एक टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेला, विमानात असतो तसा एक दांडा. हा दांडा ज्या खोक्यातून आला ते खोकं खाटेखाली नीट ठेवलेलं होतं. पाठवणाऱ्याच्या जागी 'साहेब' एवढंच लिहिलेलं आणि खाली तुमचा पत्ता. म्हणून हे पत्र.

टेबलाच्या खणात एक वही मिळाली. अक्षर त्याचंच. मला अर्थ लागत नाही, म्हणून आहे तसं उतरवतो. 'नऊ नोव्हेंबर. आज दोनदा मेलो. दुसऱ्यांदा जळून.' 'चौदा डिसेंबर. समुद्रात पडलो. कुणी शोधायला आलं नाही, येणारही नव्हतं.' आणि शेवटची नोंद, जाण्याच्या चार दिवस आधीची: 'अठरा जानेवारी. ठरवून गेलो. पेट्रोल एका बाजूचंच. परत यायचं नव्हतंच. साहेबांना सांगितलं होतं.'

साहेब, त्याने तुम्हाला काय सांगितलं होतं?

मी छापखान्यात मशीनमन होतो, आता निवृत्त आहे. फार शिकलेला नाही. पण या ओळी वाचल्यापासून जेवण घशाखाली उतरत नाही. आमचं बापलेकाचं चांगलं होतं. दर रविवारी दुपारी फोन असायचा. त्याच्या मनात काही वेडंवाकडं असतं तर मला आवाजावरून कळलं असतं. जे असेल ते कळवा. वाट पाहतो.

त्याचे वडील


११ फेब्रुवारी

काका,

तुमचं पत्र काल मिळालं. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, बाकीचं नंतर. त्याने स्वतःला काहीही केलेलं नाही. त्या वहीतलं मरण खेळातलं आहे.

आणि मी बाई आहे. दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवते. 'साहेब' हे नाव मला खेळात पडलं आणि चिकटलं.

आम्ही काही जण रविवारी दुपारी दोन ते सहा कॉम्प्युटरवर एक युद्ध खेळतो. प्रत्येक जण आपापल्या घरी, कानाला हेडफोन लावून. दोन्ही बाजू मिळून शेकडो माणसं असतात. या वेळची मोहीम दुसऱ्या महायुद्धातली, समुद्रातल्या बेटांवरची. कोण कुठल्या बाजूला, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. आमच्या वाट्याला जपानची एक हवाई डिव्हिजन आली. ती कुणालाच नको होती. शेवट सगळ्यांना ठाऊक आहे ना. खेळातला एक आठवडा म्हणजे त्या युद्धातला एक महिना. दर आठवड्याला आपली विमानं कमी होतात, पेट्रोल कमी होतं आणि समोरच्यांचं वाढत जातं. जूनमध्ये सुरुवात केली तेव्हा आम्ही बावीस जण होतो. हरण्याचा कंटाळा येऊन माणसं गळत गेली. डिव्हिजनची प्रमुख मी.

तुमचा मुलगा आमचा टेहळ्या होता. आम्ही त्याला 'लिफ्ट' म्हणायचो. तो एकटाच सगळ्यांच्या पुढे जायचा, ढगांच्या वर, आणि शत्रूची जहाजं कुठे आहेत ते सांगायचा. अठरा जानेवारीला जहाजं फार लांब होती. जाऊन परत यायचं तर पेट्रोल पुरणार नव्हतं. तो म्हणाला, "साहेब, मी जातो, जागा सांगतो आणि विमान पाण्यात टाकतो. आठ जणांपेक्षा एकाचं गेलेलं बरं." मी हो म्हटलं. त्याने जागा बरोबर सांगितली. वहीतलं 'ठरवून गेलो' म्हणजे हे. त्या संध्याकाळी तो खुशीत होता, हे मी शपथेवर सांगते.

विमान पडलं की आम्ही 'मेलो' म्हणतो आणि पुढच्या रविवारी नवं विमान घेऊन हजर होतो. हे तुम्हाला लिहिताना शरम वाटली.

पंचवीस तारखेला तो आला नाही. आम्ही त्याच्यावर चिडलो. लिफ्टमध्ये कुणीतरी अडकलं असेल, फोन तरी करायचा, असं बोललो. तो गेल्याचं त्याच्या कंपनीकडून तिसऱ्या दिवशी कळलं.

तो तुमच्याबद्दल बोलायचा. काळजी घ्या.

साहेब


२० फेब्रुवारी

बाई,

तुम्हाला काय म्हणावं कळत नाही, म्हणून बाईच म्हणतो. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. असं लिहिणं बरं नाही, पण खरं आहे. मुलगा गेलेला आहेच. तरी तो कंटाळून गेला नाही, एवढं कळल्यावर माणूस जेवू शकतो.

त्याचा कॉम्प्युटर मी घरी आणला. समोरच्या खोलीत, त्याच्या आईच्या शिवणयंत्राच्या टेबलावर ठेवलाय. सुरू करता येत नाही. रोज पुसतो.

जपानची बाजू का, हे मला पहिल्यांदा खटकलं होतं. त्या लोकांनीही कमी अत्याचार केले नाहीत. पण चिठ्ठीत आलं म्हणता तर इलाज नाही.

तुम्ही लिहिलंत की तो माझ्याबद्दल बोलायचा. काय बोलायचा? अगदी साधं असलं तरी चालेल. तो कसा खेळायचा, त्याला राग यायचा का, हसायचा का, तेही लिहा. मला वेळच वेळ आहे.

त्याचे वडील


२ मार्च

काका,

तो हसायचा, पण उशिरा. सगळ्यांचं हसून झालं की मग त्याचं सुरू व्हायचं आणि त्याला बघून, म्हणजे ऐकून, आम्ही पुन्हा हसायचो. राग एकदाच आला होता. आमच्यातल्या मास्तरांनी, ते खरोखरच शाळामास्तर आहेत, स्वतःच्याच विमानतळावर बॉम्ब टाकला तेव्हा.

इंजिनाच्या आवाजावरून तो बिघाड ओळखायचा. आम्ही काटे बघत बसायचो आणि हा म्हणायचा, "मास्तर, तुमचं डावं इंजिन पाच मिनिटांत जाणार." जायचंच. मी विचारलं, हे कुठे शिकलास? म्हणाला, वडिलांकडून. लहानपणी छापखान्यात डबा घेऊन यायचा तेव्हा तुम्ही त्याला यंत्राला कान लावायला सांगायचात ना, ते.

आता आम्ही नऊच उरलो आहोत. मोहीम एप्रिलमध्ये संपेल. गेल्या रविवारी आमच्या बाजूच्या वरिष्ठांचा आदेश आला की आता एकतर्फी उड्डाणं करा, विमान थेट जहाजावर घाला, गुण दुप्पट मिळतील. इतिहासात तसं झालं होतं, म्हणून नियमात आहे. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, हा खेळ आहे. मी म्हटलं, असू दे. जानेवारीत एकाला 'जा, परत नाही आलास तरी चालेल' म्हणून बसले आहे. पुन्हा कुणाला म्हणणार नाही. बाकीच्या डिव्हिजन आमच्यावर नाराज आहेत.

कॉम्प्युटर सुरू करायला कुणाची मदत मिळाली तर रविवारी दुपारी नुसते बघायला या. त्याच्या नावाने आत येता येईल. जुने निरोप मात्र वाचत बसू नका. त्यात पेट्रोल आणि हवामान याशिवाय काही नाही.

साहेब


१९ मार्च

बाई,

शेजारी एक टायपिस्ट राहतात. त्यांनी कॉम्प्युटर सुरू करून दिला. तुम्ही वाचू नका म्हणालात, तरी जुने निरोप वाचले. पेट्रोल आणि हवामानच होतं. त्यात दोन वर्षांपूर्वीचा एक दिवस होता. तुमच्यातल्या बेकरीवाल्याचे वडील वारले होते. सगळ्यांनी त्याला धीर दिलेला. कुणीतरी माझ्या मुलाला विचारलंय, 'तुझे आहेत ना रे?' त्याने लिहिलंय, 'नाहीत. जाऊन तीन वर्षं झाली.'

टायपिस्ट बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी ते वाचलं आणि चहा करते म्हणून आत गेल्या. माझ्याच घरात, माझ्याच स्वयंपाकघरात.

तेव्हा आता मी खरं लिहितो. रविवारच्या फोनचं मी तुम्हाला खोटं लिहिलं होतं. फोन मी करायचो. दर रविवारी, दुपारी जेवण झालं की. तो उचलायचा नाही. पाच वर्षं. तुम्ही पहिल्याच पत्रात दोन ते सहा लिहिलं होतं, म्हणजे माझं खोटं तुम्हाला तेव्हाच कळलेलं असणार. तुम्ही बोलला नाहीत.

त्याची आई आजारी पडली तेव्हा तो दुसऱ्या गावी होता. लिफ्टच्या कामाचं लायसन्स मिळवायचं, त्याची शेवटची परीक्षा होती. डॉक्टरांनी मला सांगितलं, थोडेच दिवस. मी त्याला फोनवर सांगितलं, ताप आहे, उतरतोय, तू अभ्यास कर. रोज तेच सांगायचो. अकरा दिवस. ती विचारायची, "तो कधी येतोय?" तिला सांगायचो, परीक्षा झाली की. दोघांना दोन बाजूंनी थोपवून धरलं आणि वाटत होतं की मी फार मोठं काम करतोय. परीक्षा देऊन तो हातात निकालाचा कागद घेऊन घरी आला, तर दाराला कुलूप. ती त्याच सकाळी गेली होती.

तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "माझ्या वाटणीचे अकरा दिवस तुम्ही घेतलेत." त्यानंतर दोनदा घरी आला, तेही कागदपत्रांसाठी.

तेव्हा बाई, मला सांभाळून घेऊ नका. सांभाळून घेण्याने काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. यंत्राला कान लावायचं तो खरंच म्हणाला होता, की तुम्ही रचलंत? आणखी जे असेल ते सगळं लिहा. वाईट असलं तरी लिहा.

त्याचे वडील


२७ मार्च

काका,

यंत्राला कान लावायचं त्याचंच आहे. छापखाना, डबा, सगळं त्यानेच सांगितलेलं. पण ते सांगताना तो तुम्ही नसल्यासारखंच बोलत होता. 'माझे वडील असे होते' असं. तेवढं मी गाळलं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

नोव्हेंबरमध्ये, एका रविवारी सगळे गेल्यावर, तो म्हणाला, "साहेब, माझं एक खोटं आहे." मी म्हटलं, एकच का? म्हणाला, "वडील आहेत." बेकरीवाल्याचे वडील गेले त्या दिवशी रागाच्या भरात त्याने 'नाहीत' हा एक शब्द लिहिला आणि मग तो मागे घेता येईना. बेकरीवाल्याला वाटायला लागलं की आपलं दुःख कळणारा हाच एक. दर आठवड्याला त्याचा फोन यायचा, वडिलांबद्दल बोलायला. तुमचा मुलगा ऐकून घ्यायचा. म्हणाला, "तो त्याच्या वडिलांच्या चपला अजून दारात ठेवतो, साहेब. आणि माझे वडील दर रविवारी फोन करतात, तर मी उचलत नाही. मी काय माणूस आहे?"

तो फोन आम्हाला ऐकू यायचा, काका. खेळता खेळता त्याच्याकडे घंटी वाजायची. आम्ही चिडवायचो की बायकोचा असेल. तो म्हणायचा, चुकीचा नंबर आहे.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्याने मला विचारलं, "चार दिवस घरी जाऊन येऊ का? शनिवारी निघतो, मंगळवारी येतो. एक रविवार बुडेल." तेव्हा आम्ही दहाच जण होतो आणि टेहळणी करणारा तो एकटा. त्या रविवारी मोठी चढाई होती. मी म्हटलं, "आत्ता नको रे. मोहीम संपू दे. एप्रिलमध्ये दहा दिवस जा." तो म्हणाला, "बरं. इतकी वर्षं गेली, चार महिन्यांनी काय होतंय."

तो माझा नोकर नव्हता. मी नको म्हटलं तरी जाऊ शकला असता. पण त्याला जायला भीती वाटत होती आणि न जायला मी कारण दिलं. एका खेळासाठी. ती चढाई आम्ही हरलोच.

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच हे लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून, असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तुम्ही माझ्याबद्दल काय म्हणाल, याची भीती होती.

उत्तर नाही आलं तरी मी समजून घेईन.

साहेब


१३ एप्रिल

काका,

उत्तर मागायला लिहीत नाही. काल मोहीम संपली, ते तुम्हाला कळवावंसं वाटलं.

शेवटच्या दिवशी आमच्याकडे चार विमानं आणि एका उड्डाणापुरतं पेट्रोल होतं. समोरून इतकी विमानं आली की मोजण्यात अर्थ नव्हता. वरून पुन्हा तोच आदेश आला. मी चौघांना वर पाठवलं, बेटाला एक फेरी मारायला लावली आणि उतरायला सांगितलं. चौघेही उतरले. धावपट्टीवर ओळीने विमानं उभी केली आणि इंजिनं बंद केली. त्यांच्या बाजूचा एक जण आमच्या डोक्यावरून अगदी कमी उंचीवरून उडत गेला, पण त्याने गोळी झाडली नाही. मग पडद्यावर निकाल आला. आम्ही सगळ्यात खाली होतो.

मास्तर म्हणाले, "लिफ्ट असता तर म्हणाला असता, तळमजला आला." कुणी हसलं नाही.

मी प्रमुखपद सोडलं.

साहेब


१४ मे

बाई,

दोन्ही पत्रं मिळाली होती. दीड महिना लिहिलं नाही. तब्येत बरी होती. राग होता.

चार दिवस. तो डिसेंबरात शनिवारी संध्याकाळी आला असता. मी दार उघडलं असतं. पहिल्या दिवशी आम्ही बोललो नसतो. दुसऱ्या दिवशी त्याने नळ नाहीतर पंखा दुरुस्त करायला काढला असता आणि मी पान्हा दिला असता. तिसऱ्या दिवशी कदाचित बोललो असतो. हे मी रोज करतो, रोज थोडं वेगळं. चौथ्या दिवसापर्यंत माझं कधी पोचत नाही.

तुम्हाला माफ केलं असं एक पत्र लिहिलं होतं. चांगलं लिहिलं होतं. वाचून बघितलं तर त्यातलं एक वाक्य खरं नव्हतं, म्हणून फाडलं. तुम्ही नको म्हणायला नको होतं. मीही 'ताप आहे' म्हणायला नको होतं. माझे अकरा दिवस, तुमचे चार. मी तुमच्यावर दात धरून बसलो की तो माझ्यासमोर येऊन उभा राहतो, हातात तो निकालाचा कागद घेऊन. मग पुढे काही सुचत नाही.

पण तो येणार होता, हे तुमच्यामुळे कळलं. तुम्ही लिहिलं नसतंत तर मी उरलेलं आयुष्य असंच समजलो असतो की त्याच्या लेखी मी मेलेलोच होतो. राग आला तरी ते पत्र मी जपून ठेवलंय.

एक काम सांगतो. तुमच्या लोकांना सांगा की त्याचे वडील आहेत. त्याने खोटं सांगितलं होतं, हेही सांगा. का सांगितलं, तेही. त्यांना तो वाईट वाटला तर वाटू द्या. बेकरीवाल्याला विशेष करून सांगा. एका माणसाच्या दुःखाला माझ्या मुलाने खोटी सोबत दिली, हे मनाला लागून राहिलंय. सोबत खरी असेलही, पण त्याला माहीत असायला हवं.

रविवारी दुपारी जेवण झालं की अजून हात फोनकडे जातो.

त्याचे वडील


२५ मे

काका,

काल सगळ्यांना बोलावलं होतं. पुढच्या मोहिमेत कोण राहणार हे ठरवायला. ते ठरवण्याआधी मी सांगितलं. सगळं सांगितलं. डिसेंबरचंही सांगितलं, मी काय म्हटलं होतं ते. तुम्ही ते सांगायला सांगितलं नव्हतं, पण ते गाळून उरलेलं सांगणं जमेना.

मास्तरांनी विचारलं, "म्हणजे तो फोन काकांचा होता?" मी हो म्हटलं. त्यांनी हेडफोन काढून ठेवला असावा, कारण नंतर त्यांच्याकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बेकरीवाल्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी त्याला वडील कसे गेले ते विचारलं होतं. त्याने सांगितलंही होतं. दवाखाना, डॉक्टर, शेवटचे दिवस, सगळं. मी रडलो होतो." मी म्हटलं, ते त्याच्या आईचं असेल, त्याने स्वतः न पाहिलेलं. तो म्हणाला, "असेल," आणि निघून गेला. त्याच्यामागे आणखी दोघे गेले. आम्ही काहीच ठरवलं नाही. पुढच्या मोहिमेत मी नाही, एवढंच मी सांगितलं.

आज सकाळी मी कामाला बसले होते, हात कवळीच्या प्लॅस्टरने भरलेले, तेव्हा बेकरीवाल्याचा फोन आला. आवाज बसलेला होता. म्हणाला, त्याने मला फसवलं, हे मी विसरणार नाही. मी म्हटलं, नको विसरूस. मागे त्याच्या भट्टीचा पंखा चालू होता. मग म्हणाला, "काका एकटेच असतात का?"

मी म्हटलं, हो.

त्याने तुमचा पत्ता मागितला. राग अजून गेलेला नाही, तो त्याने लपवलाही नाही. तुम्हाला पत्र लिहायचंय की भेटायला यायचंय, ते त्यालाही ठाऊक नाही. मी पत्ता दिलेला नाही. तुम्हाला विचारते, असं त्याला सांगितलंय.

देऊ का?

साहेब